डाव्या चाकाचा ब्रेक

सौंसर,
८ ऑक्टोबर १९५६

दादा,

चार ओळींत खुशाली उरकणारी तुझी बहीण आज कागदाच्या दोन्ही बाजू भरणार आहे. तेव्हा हाताचं ग्रीस पुसून, चष्मा लावून बस. खुशाली अशी की घरची माणसं बरी आहेत आणि मोटर आजारी आहे.

हे स्वतः तुला लिहिणार नाहीत. पांढुर्ण्याला तुझ्या कारखान्यात मोटर हाकायला शिकले त्याला नऊ वर्षं झाली, पण अजून तुझं नाव निघालं की कानाची पाळी धरतात. "उस्तादाले काय लिहू? म्हणतीन, शिकवलं ते बी विसरला." म्हणून मी लिहिते. मला ब्रेक म्हणजे काय ते कळत नाही. हे सांगतात तसं उतरवते, चुकलं तर हसू नकोस.

भैय्याजींची सर्व्हिस मोटर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या दगडफेकीला जाणारी माणसं घेऊन तुमच्याकडे आली होती. पुढच्या डाव्या चाकातून तेल गळत होतं, ते तूच नीट करून दिलंस. पंधरा दिवस ठीक चाललं. आता त्याच चाकाचा ब्रेक दाबला की धरतो आणि पाय काढला तरी सोडत नाही. मोटर डावीकडे ओढते. नागपूरच्या वाटेवर मधे थांबून चिंधूकाका चाकावर पाणी ओततात, तर तव्यावर टाकल्यासारखं चुरचुरतं. चिंधूकाका म्हणजे यांच्या मोटरीवरचे कंडक्टर, तू पाहिलेले आहेत, पांढऱ्या मिशांचे. आतापर्यंत दोनदा ब्रेकचे लायनर जळले.

भैय्याजी मोटरीचे मालक, त्यांचं म्हणणं दुसरंच. चार माणसांत ते यांना म्हणाले, "प्रभाकर, तू पायडलावर पाय ठेवून गाडी चालवून राहिला. मोटरीले काई झालं नाही, तुह्या पायाले झालं."

दादा, नऊ वर्षांत यांच्या मोटरीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. नोकरीचं एक वेळ सोड, ते बोलणं यांच्या फार जिव्हारी लागलं आहे. जेवताना पाटावर बसले तरी उजवा पाय उचलून उचलून पाहतात. मी थट्टा केली, तर हसले नाहीत. पायाचा दोष आहे की मोटरीचा, एवढं तू सांग. तू सांगशील ते हे मानतील.

तुझी,
उर्मिला


पांढुर्णा,
१३ ऑक्टोबर १९५६

उर्मे,

पत्र मिळालं. मायची तब्येत बरी आहे, गुडघे दुखतात.

प्रभाकररावांना सांग. चाक काढून ड्रम उतरवावा. आत छोटा सिलिंडर असतो, त्यात दोन्ही बाजूंना पिस्टन आणि त्यांच्यामागे रबराच्या चकत्या, वायसर. ब्रेक दाबला की तेलाच्या जोराने पिस्टन बाहेर येतात आणि सोडला की स्प्रिंगने आत जातात. पिस्टन आत जात नसतील तर ते सिलिंडरात अडकताहेत. काढून स्पिरिटने पुसावेत. रॉकेल लावू नये, रबर खराब होतं. गंज असेल तर बारीक पॉलिश कागद हलक्या हाताने फिरवावा. पायडलाला वरून बोटभर ढील असावी, तीही पाहावी.

पायाचं विचारलंस. खरं सांगायचं तर प्रभाकररावांचा पाय पहिल्यापासून जरा जड आहे. शिकताना मी दहादा टोकलं होतं. सपाट रस्त्यावर कळत नाही, पण सवय असते. तेव्हा पाय हलका ठेवावा, म्हणजे ब्रेकही चिकटणार नाही.

वरच्या डब्यात तेल असतं, त्याचा रंग कसा आहे आणि वास कसला येतो ते कळव. नवीन तेल घालू नका.

मला यायला जमत नाही. कापूस सुरू झाला, जिनिंगच्या इंजिनावर मीच असतो.

गुणवंता


सौंसर,
२२ ऑक्टोबर १९५६

दादा,

तुझं पत्र वाचून हे मोठ्या भक्तीने मोटरीखाली शिरले. तू लिहिलंस तस्संच केलं. पिस्टन खरंच अडकले होते, पक्कडीने ओढून काढावे लागले. रबराचे वायसर मूळच्यापेक्षा फुगलेले निघाले, भिजलेल्या वालासारखे. पुसून परत बसवले आणि चार दिवस मोटर अशी चालली की चिंधूकाकांनी मारुतीला नारळ फोडला. पाचव्या दिवशी परत तेच. आता मागचं एक चाकही धरू लागलं आहे.

त्याहून वाईट झालं ते ऐक. स्पिरिट आणि पॉलिश कागद मागायला हे भैय्याजींकडे गेले, ते तुझं पत्रच घेऊन. काय काय लागतं ते त्यात लिहिलेलं होतं म्हणून. यांच्या मनात पाप नाही, सरळ हातात दिलं. भैय्याजींनी सगळं वाचलं आणि खालची पायाची ओळ दोनदा मोठ्याने वाचली. "हे पाहा, तुह्या उस्तादानंच लिहिलं." पत्र परत दिलं नाही, गल्ल्यात ठेवून घेतलं. आता एक जरी लायनर जळला तरी मोटरीवरून उतरायचं, असं बजावलं आहे.

मला तुझा राग आला होता. यांना नाही आला. हे म्हणतात, "उस्ताद सांगून राहिले म्हणजे असंन. मलेच समजून नाही राहिलं." आता मोटर चालवताना पायाकडे इतकं लक्ष असतं, की परवा एका बैलगाडीला धडकता धडकता वाचले. असला हलका पाय काय कामाचा?

तेलाचं विचारलंस ना. मी स्वतः स्टँडवर जाऊन पाहिलं. रंग पिवळा, वर दुधावर धरते तशी साय, आणि बोटाला चिकट. वास ओळखीचा आला. आपल्या जवसाच्या चटणीसारखा. चिंधूकाका डबा त्याच फळीवर ठेवून जेवतात, तेव्हा त्यांचाच प्रताप असावा. मी त्यांना रागे भरले, तर बिचारे म्हणाले, "बाई, मी त झुणका आणतो."

तू एक साधं पत्र पाठव, की दोष मोटरीचा आहे, पायाचा नाही. आणि भाऊबीजेला ये. ये म्हणजे येच.

उर्मिला


पांढुर्णा,
३० ऑक्टोबर १९५६

उर्मे,

भाऊबीजेला येणं होत नाही. मायचे गुडघे, शिवाय कामाची गर्दी. ओवाळणी मनिऑर्डरने पाठवतो.

तेल खराब आहे. बाजारात हल्ली भेसळ फार. कुठल्या तरी डब्यात भेसळ आली असेल. वरपासून खालपर्यंत सगळं काढून फेका. चारही चाकांचे आणि वरच्या मास्टर सिलिंडरचे सगळे वायसर बदलावे लागतील, पुसून भागणार नाही. फुगलेलं रबर परत बसत नाही. मी नागपूरच्या दुकानाला लिहिलं आहे. आठ दिवसांत वायसर आले की स्वतः घेऊन येतो आणि बसवून देतो.

तोवर एक युक्ती सांगतो. चाक धरलं की त्या चाकामागचं छोटं निपल पान्याने अर्धा आटा सैल करायचं. चार थेंब तेल उडेल आणि चाक सुटेल. लगेच घट्ट करायचं. पण हे फक्त सपाटीवर, नागपूरच्या रस्त्याला. दर वेळी तेल कमी होतं आणि नळीत हवा जाते. चढाउताराला ही मोटर नेऊ नये, हे प्रभाकररावांना माझं नाव घेऊन सांग.

भैय्याजींना वेगळं पत्र लिहीन म्हणतो. सवडीने लिहितो.

गुणवंता


सौंसर,
१७ नोव्हेंबर १९५६

दादा,

भाऊबीजेला पाट मांडून ठेवला होता. अखेर चंद्राला ओवाळलं. हे म्हणाले, "उस्तादाले काम असतं, रुसू नको."

आता मोटरीचं. पहिल्या तारखेला राज्यं बदलली आणि नागपूर आपलं राहिलं नाही. तहशिलीवरची पाटी रंगवून घेतली, शाळेत पेढे वाटले, आणि भैय्याजींचं नागपूरचं परमिट अडकलं. तिकडे जायला आता मुंबई राज्याची परवानगी लागणार आणि इकडची भोपाळहून येणार. तोवर मोटर रिकामी कशाला उभी करायची म्हणून भैय्याजींनी तिला सौंसर-छिंदवाडा केली. म्हणजे रोज सिल्लेवानीचा घाट, जाताना आणि येताना.

यांनी पहिल्याच दिवशी तुझं नाव घेऊन नाही म्हटलं. भैय्याजी म्हणाले, "तुले नाही जमत त दुसरा डायव्हर उभा आहे." मग हे बसले. काय करतील?

तुझी युक्ती चालते आहे. घाटाच्या वर थांबून निपल सैल करतात, खाली उतरून परत. चिंधूकाका चाकामागे दगड लावून उभे राहतात. आज सोळा दिवस झाले, सगळं नीट आहे. हे म्हणतात, उस्तादाने ही अक्कल दिली म्हणून निभावतं आहे.

पण तुझे आठ दिवस कधी होणार? वायसर आले का? आणि भैय्याजींना तू लिहिलं नाहीस. ते विचारतात, भेसळीचा डबा आणला कोणी? हे म्हणतात, माझ्याकडे डबाच नाही, तेल सगळं पांढुर्ण्यालाच भरलं होतं. मग भैय्याजी गल्ल्यातून तुझं ते जुनं पत्र काढतात.

दादा, तू काही सांगायचं टाळतो आहेस का? लहानपणी मायची बरणी फोडलीस तेव्हाही तू असाच आखूड बोलत होतास.

उर्मिला


पांढुर्णा,
२० नोव्हेंबर १९५६

उर्मे,

घाट वाचला आणि हातातलं काम सोडून हे लिहायला बसलो. हे मिळताच मोटर उभी करायला लावा.

दोष पायाचा नाही. माझा आहे.

गोटमारीच्या दिवशी प्रभाकरराव मोटर घेऊन आले तेव्हा अकरा वाजले होते. ब्रेकचं विलायती तेल माझ्याकडे संपलेलं. अशा वेळी आम्ही एरंडेल आणि स्पिरिट निम्मं निम्मं मिसळून घालतो. सैन्याच्या कारखान्यात मी तेच शिकलो आणि ते चालतं, कारण एरंडेल रबराला काही करत नाही. माझी एरंडेलाची बाटली कोनाड्यात असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी मागच्या आळीतले लोक बैलांच्या शिंगांना लावायला ती घेऊन गेले होते. पोळ्याच्या सकाळी बाटली परत आली. सणासुदीला रिकामी वस्तू कोणी परत देत नाही, तुला ठाऊक आहे. त्यांनी घरचं जवसाचं तेल भरून दिलं आणि तुझ्या वहिनीने आणून होती तिथे ठेवली. मी विचारलं नाही. बाटली तीच होती, जागा तीच होती.

इथपर्यंत चूक म्हण. पुढचं चूक नाही. एरंडेल स्पिरिटात विरघळतं, मिश्रण पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. जवस विरघळत नाही. मी हलवलं तेव्हा ते गढूळ झालं, ताकासारखं. मी पाहिलं, उर्मे. उजेडात धरून पाहिलं. नदीवर ढोल वाजून राहिले होते, सावरगावच्या बाजूने आरोळ्या येत होत्या, पोरं हाका मारत होती की चला, नदीत झेंडा लागला. मनात म्हटलं, बाटली जुनी झाली असेल, चालून जाईल. ओतलं, हवा काढली, मोटर दिली आणि नदीवर धावलो.

जवसाचं तेल रबर फुगवतं आणि गरम झालं की चिक्कीच्या पाकासारखं घट्ट होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला शंका आली. रंग आणि वास विचारला तो त्यासाठी. तू चटणीचं लिहिलंस तेव्हा खात्री झाली. पायाचं जे लिहिलं ते खोटं होतं. प्रभाकररावांइतका हलका पाय मी दुसऱ्या कोणाला शिकवू शकलो नाही. भेसळीचंही खोटं. या तालुक्यात ब्रेकचं काम माझ्याकडे येतं ते माझ्या नावावर येतं. ते नाव जाईल म्हणून भ्यालो.

निपलाची युक्ती घाटात मरण आहे. नळीत हवा गेली की एके दिवशी पायडल एकदम तळाला जाईल.

वायसर काल आले. रविवारी पहिल्या गाडीने निघून सौंसरला येतो. हे पत्र प्रभाकररावांना दाखव, भैय्याजींना दाखव, स्टँडवर वाचून दाखव. माझी हरकत नाही.

गुणवंता


छिंदवाडा,
२ डिसेंबर १९५६

दादा,

तू रविवारी येऊन गेलास हे शेजारच्या देवकाबाईंकडून कळलं. आमच्या दाराला कुलूप होतं. त्यांच्याकडे वायसरचं पुडकं ठेवून तू दुपारच्याच गाडीने परत गेलास. शनिवारी घाटात काय झालं ते तुला स्टँडवर कळलंच असेल. मी इथे दवाखान्यात आहे हेही कळलं असेल. आला नाहीस.

तरी मी सांगते. उतारावर दुसऱ्या वळणाला पायडल तळाला गेलं. यांनी दरीची बाजू सोडून मोटर डोंगरावर घातली. आतले सतरा लोक वाचले, कोणाला खरचटलं, कोणाचा हात मोडला. चिंधूकाका दगड घेऊन दाराच्या पायरीवर उभे होते, उडी मारून चाकाखाली दगड घालायचा म्हणून. ते मोटर आणि डोंगर यांच्यामध्ये सापडले. जागच्या जागी गेले. यांची उजवी मांडी मोडली आहे. डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल, पाय सरळ होणार नाही. खाटेशी पोलीस बसवला आहे. बेदरकारपणे मोटर हाकून माणूस मारला, असा खटला आहे. भैय्याजींनी तुझं ते ऑक्टोबरचं पत्र फौजदाराला दिलं.

आता मी तुला जे सांगणार आहे ते अजून कोणाला सांगितलेलं नाही.

तुझं वीस तारखेचं पत्र मला शुक्रवारी दुपारी मिळालं. घाटाच्या आदल्या दिवशी. मी चुलीपाशी उभ्या उभ्या वाचलं. आणि ते यांना दाखवलं नाही. पाकीट चुलीत घातलं आणि पत्र पातळांच्या घडीत ठेवलं. मला वाटलं, हे तुला देव मानतात. कागदावर वाचून त्यांना काय वाटेल? परवा तू येणारच आहेस, तूच समोर बसून सांगशील, पाया पडशील, रडाल दोघं, मिटेल. एका दिवसाने काय होतं? तीन आठवडे नीट गेलेच होते ना. शनिवारी सकाळी डबा भरून दिला तेव्हा जिभेवर आलं होतं. हे म्हणाले, "आज पाय चांगला हलका वाटून राहिला." मी हसले आणि डबा दिला.

चिंधूकाकांच्या घरी मी तोंड दाखवलेलं नाही.

पत्र माझ्याजवळ आहे. तुला विचारल्याशिवाय ते मी बाहेर काढणार नाही, कारण त्यात तुझाही तुरुंग आहे. पण तू ये. सात जानेवारीला कोर्टाची तारीख आहे. उभा राहा आणि आपल्या तोंडाने सांग. कागदाचं काय, तो कोणीही लिहू शकतो.

उर्मिला


पांढुर्णा,
१५ डिसेंबर १९५६

उर्मे,

दहा दिवस तुझं पत्र उशीखाली आहे. चारदा लिहायला बसलो.

त्या रविवारी मी स्टँडवर चहा घेतला आणि तिथेच ऐकलं. छिंदवाड्याची गाडी समोर उभी होती. बसलोही होतो. लोक सांगत होते की डायव्हरच्या साल्यानेच लिहून दिलं आहे, पाय जड होता म्हणून. मी उतरलो. पुडकं देवकाबाईंकडे दिलं आणि परतलो.

मायला अजून सांगितलं नाही. ती विचारते, जावयाचं काय झालं. मी म्हणतो, अपघात. कारखान्यात रोज गाड्या येतात. ब्रेकच्या कामाला हात लावत नाही, इंजिनाचंच करतो. एका वकिलाशिवाय कोणाला काही कळलेलं नाही.

तू म्हणतेस ये. येण्याचं मी नक्की सांगू शकत नाही. वकील म्हणाले, तू उभा राहिलास तर तिथूनच आत. माझी चार मुलं, माय, तुझी वहिनी. पण पत्र माझ्या हातचं आहे, खाली सही आहे, तारीख आहे. ते तू वकिलाला दे. प्रभाकररावांना दे. त्यावर ते सुटतील, मग माझं काय व्हायचं ते होवो. मी पळून जाणार नाही, इथेच राहीन. फक्त त्या खोलीत त्यांच्या समोर उभं राहायचं, तेवढं माझ्याने होत नाही. तू समजून घे.

गुणवंता


सौंसर,
१६ जानेवारी १९५७

दादा,

निकाल परवा लागला. दीड वर्ष सक्तमजुरी, लायसन कायमचं रद्द. हे आता छिंदवाड्याच्या तुरुंगात आहेत.

कसं झालं ते तुला सांगणं भाग आहे.

तारखेच्या आदल्या दिवशी मी तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. तुला ठाऊक आहे, यांना वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. गोटमारीचं वाचलं, गढूळ तेलाचं वाचलं, हलक्या पायाचं वाचलं. मग डोळ्यांना पाणी आलं. मला वाटलं, आता हे तुझं नाव घेऊन ओरडतील. मला तेच हवं होतं. ओरडले असते तर मी देवासमोर दिवा लावला असता.

ते म्हणाले, "केवढा माणूस आहे तुहा भाऊ. मले सोडवाले स्वतःची मान पुढं करून राहिला."

मी म्हटलं, अहो, हे खरं आहे. म्हणाले, "खरं असतं त उस्ताद इथं उभा असता. तो लपणारा माणूस नाही. बहिणीचं कुंकू वाचवाले त्यानं लिवून देल्लं, पण खोटी साक्ष देवाले त्याचा पाय उचलला नाही. बरोबर केलं त्यानं."

मग मी माझं सांगितलं. की पत्र घाटाच्या आदल्या दिवशी आलं होतं आणि मी लपवलं. म्हणाले, "तू? मले मराले पाठवशीन तू? उर्मिला, भावाच्या नादानं इतकं खोटं नको बोलू. तारीख काय, कोणतीबी टाकता येते." पोस्टाचा शिक्का दाखवला असता, पण पाकीट मीच जाळलं होतं. पाया पडले, शपथ घेतली. मला उठवून डोळे पुसले माझे. दादा, दहा वर्षांच्या संसारात मी या माणसाशी एकदाही खोटं बोलले नव्हते. ते असं फळाला आलं.

वकिलाने पत्र मागितलं तेव्हा यांनी ते फाडलं. म्हणाले, माझ्यासाठी चार पोरांचा बाप आत जायचा नाही.

कोर्टात साहेबांनी विचारलं, मोटरीत दोष होता का? हे कुबडीवर उभे होते. म्हणाले, "नाही साहेब. मोटर उस्तादानं नीट करून देल्ली होती. माहाच पाय जड होता. चिंधूकाका माह्यानं गेले." मागे चिंधूकाकांची म्हातारी बसली होती. ती रडली नाही, नुसती यांच्या पायाकडे पाहत होती. मी उठून ओरडले, की हे खोटं आहे. शिपायाने मला बाहेर नेलं. बाईमाणूस, नवऱ्यासाठी काहीही बोलेल, असं लोक म्हणत होते.

भैय्याजींनी मोटर भंगारात काढली. ब्रेक उघडून कोणी पाहिले नाहीत. आता पाहायला काही उरलंही नाही.

काल भेटायला गेले होते. यांना आता पुरतं पटलं आहे. सांगत होते, त्या दिवशी घाटात पाय नेमका कधी जड पडला ते त्यांना आठवतं. बरोबरच्या कैद्यांना तुझ्याबद्दल सांगतात, की असा साला नशिबाने मिळतो. मी आता काही बोलत नाही. बोललं की त्यांना वाटतं, मी त्यांच्यासाठी झुरते आहे, आणि ते मलाच धीर देत बसतात.

निघताना एक निरोप दिला आणि पोचवीन म्हणून माझ्याकडून कबूल करून घेतलं. तेवढ्यासाठी हे पत्र लिहिलं, नाहीतर लिहिणार नव्हते. म्हणाले, "उस्तादाले माहा दंडवत कळव. म्हणावं, सुटलो की आधी पांढुर्ण्याले येतो, पाया पडाले."

उर्मिला